कपाळावरचा शिक्का

सुलक्षणा: ...नाही, हा फोटो पण नको. ह्यात ॲपने आईच्या भांगात सिंदूर भरलाय. बघा ना बाबा. आई काय हिंदी सिरियलमधली सून आहे?

बाबा: माका आधीचो दाखय.

सुलक्षणा: आधीच्यात खड्याची टिकली होती. त्याच्या आधी उभा टिळा, बुवा लोक लावतात तसा. मी साधं लिहिलं, कपाळावर कुंकू लाव. एवढं कळत नाही त्या ॲपला.

बाबा: तो नाय गो. पयलो. मोकळ्या कपाळाचो.

सुलक्षणा: तोच तर बिघडलाय. तुम्ही बसा बघू जरा. खिडकी ते दार, दार ते खिडकी, मगासपासून नुसत्या फेऱ्या चालल्यात. मला पण सुचत नाही मग. साडेसहा झाले, निलेश फ्रेमवाल्याकडे उभा आहे, आठला तो दुकान बंद करणार. उद्या आईचं वर्षश्राद्ध आणि भिंतीवर फोटोच नाही, बरं दिसतं का?

बाबा: वरीसभर नव्हतो. कोणाचा काय अडला?

सुलक्षणा: तुम्हीच लावू दिला नाहीत. विचारलं की ‘बघूया’. विचारलं की ‘बघूया’. सगळ्या चारकोपला वाटत असेल, पोरांना आईची किंमत नाही. थांबा, त्याचाच फोन.

(ती फोन स्पीकरवर टाकते.)

निलेश: ताई, पाठवतेस ना? मी दोनदा नंबर सोडलाय इकडे.

सुलक्षणा: कुंकू बसत नाहीये रे. ते कंपनीचं ओळखपत्र आहे ना आईचं, त्याचा गोल शिक्का अर्धा फोटोवर आलाय, बरोबर कपाळावर. मी ॲपला सांगितलं शिक्का काढ, बुरशीचे डाग काढ, रंग भर. चेहरा झकास आला. पण शिक्क्याबरोबर त्याने कुंकूपण पुसलं. आता परत लावायला सांगतेय तर नुसती वाट लावतोय. एकदा तर आईला हसवलं. सगळे दात दाखवून.

निलेश: आई आणि दात? दुसरा फोटो घे ना मग.

सुलक्षणा: कुठला घेऊ? प्रत्येक फोटोत ती कोणाच्या तरी मागे उभी आहे, नाहीतर पंगतीत वाढतेय. आजारपणातले मला नकोत. हा एकच आहे, ज्यात ती सरळ समोर बघतेय.

निलेश: नक्की आईच आहे ना? तुझा काय भरवसा, तू बाबांना काका म्हणायचीस.

सुलक्षणा: झालं ह्याचं सुरू. चाळीस वर्षं एकच जोक.

निलेश: आईच सांगायची, मी काय करू. बरं ऐक, खाली नाव काय टाकायचं? कै. सौ. रुक्मिणी ना? हा विचारतोय.

सुलक्षणा: हो, सौ.च. अजून काय. दहा मिनिटं दे मला.

बाबा: ठेवलस फोन?

सुलक्षणा: ठेवला. का?

बाबा: ता कार्ड खंय गावला तुका?

सुलक्षणा: आईच्या पत्र्याच्या पेटीत. इरकली साडीच्या घडीत होतं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. तुम्ही कधी बघितलं नव्हतं?

बाबा: बघलंय. लय वर्सां झाली. वरीसभरात तीन वेळा पेटी उघडलंय मी, माका गावला नाय. साडीची घडी मोडूचा मन होयना.

सुलक्षणा: तुम्ही हे शोधत होता? मग बोलला का नाहीत? असो. आता मी नीट समजावून लिहिते त्याला. लाल, गोल, लहान, दोन भुवयांच्या जरा वर. चमकणारं नको, पिंजरीचं. मेणावर लावल्यासारखं. चेहरा बदलू नकोस, भांगाला हात लावू नकोस. हं. येतंय. आलं. बाबा, बघा, जमलं. आईच ही. अशीच लावायची ना ती?

बाबा: होय. अशीच लावायची.

सुलक्षणा: मग पाठवते.

बाबा: धाडू नको. काढ ता कुंकू.

सुलक्षणा: काय?

बाबा: काढ म्हणतंय. ह्या फोटोत नको.

सुलक्षणा: बाबा, तासभर मान मोडून बसलेय मी. आणि सवाष्ण गेलेली बाई, तिच्या फोटोत कुंकू नको? उद्या पहिली आत्याच बोलेल मला.

बाबा: तुझ्या त्या ॲपान काय्येक पुसूक नाय. कपाळ तसाच होता.

सुलक्षणा: शिक्क्याखाली असणार ना. दिसत नाही म्हणून...

बाबा: शिक्क्याखाली काय नव्हता, बाय. कार्ड घे हातात. मागे तारीख बघ.

सुलक्षणा: जून त्र्याऐंशी. बरं मग? संपातलं. गिरणी बंद पडली, तुम्ही आईला अंधेरीला औषधाच्या कंपनीत पॅकिंगला घातलंत. माहितीये मला.

बाबा: मी घालूक नाय. ती गेली. मी हंय नव्हतंय.

सुलक्षणा: गावी होता. भाताला.

बाबा: ता तुझ्या आवशीन तुमका सांगल्यान. मी सुरतेक होतंय. लूमवर. सोळा म्हयने.

सुलक्षणा: सोळा महिने सुरतला? येऊन जाऊन?

बाबा: नाय. एक पत्रपण धाडूक नाय.

सुलक्षणा: का?

बाबा: काय लिवतलंय? पयला वाटला, काम गावला की लिवूया. काम गावला तर लाज वाटाक लागली, इतके दिवस गप कित्याक रवलस म्हणान. मगे जितके दिवस गेले तितकी लाज वाढली. बाई-बिई नव्हती हां. दारूपण नाय. नुसतो गप रवलंय.

सुलक्षणा: आणि आम्ही?

बाबा: जोगेश्वरीच्या खोलीत. तू नि ती.

सुलक्षणा: म्हणजे आईला वाटलं तुम्ही गेलात? म्हणून कुंकू पुसलं?

बाबा: तसा असता तर बरा होता. आमच्या वाडीतलो एक माणूस माका सुरतेक भेटलो. तेना मुंबैक येवन तिका सांगल्यान, तुझो घोव बरो आसा, दोन वेळचा जेवता, लूमवर कामाक जाता. त्या दिवशी पुसल्यान.

सुलक्षणा: जिवंत आहात कळल्यावर?

बाबा: होय. नि दुसऱ्या दिवशी कंपनीत गेली. शेजारची धुरीकाकी वांगडा होती, सोबतीक, तिना माका मागसून सांगल्यान. कार्ड करताना कारकुनान विचारल्यान, बाई, नावापुढे सौ. लिवू की श्रीमती? ही म्हणाली, तुमका काय दिसता ता लिवा.

सुलक्षणा: श्रीमतीच आहे इथे. मी मगाशी वाचलं ना. मला वाटलं कंपनीवाल्यांनी चूक केलीय.

बाबा: चूक नाय ती.

सुलक्षणा: बाबा, मला तुमचा राग येतोय. तुम्ही बसा, उभं राहून नका बोलू माझ्याशी. बसा म्हणते ना. आईचा पण येतोय. तिने एकदाही तोंड उघडलं नाही. नंतर चौदा वर्षं त्या कंपनीत जात होती, मी विचारायचे, आई, तुला कंटाळा नाही येत? म्हणायची, बाबांनीच कामाला लावलंय, सोडू कशी.

बाबा: माझी अब्रू राखल्यान तिना.

सुलक्षणा: मग परत कधी आलात?

बाबा: चौऱ्याऐंशीच्या होळीआधी. दुपारचो इलंय. खोलीचा दार उघडा, तू दारात बसलेलंस, हातात पाटी. तुझ्यासाठी गोळ्यांचो पुडो आणलेलंय, तो पुढे केलंय. तू घेतलस. नि म्हणालस, काका, आई घरात नाय, कंपनीत गेलीय.

सुलक्षणा: मला आठवत नाही.

बाबा: माका आठावता.

सुलक्षणा: म्हणजे तो जोक नव्हता. घरात कोणी आलं की आई हसून सांगायची, आमच्या सुलूने बापाला काका म्हटलं. तुम्ही उठून मोरीत जायचात हात धुवायला. प्रत्येक वेळी. आणि मी पण हसायचे हो, सगळ्यांबरोबर.

बाबा: तुझो काय दोष त्यात.

सुलक्षणा: मग आई आली?

बाबा: सांजची इली. निळी साडी, छातीवर ह्या कार्ड लावलेला पिनेन. मी जिन्यावर बसलेलंय, आत जावक धीर झालो नाय. माझ्याकडे बघल्यान नि म्हणाली, जेवलास काय? बस. तेच्यावर एक सबूद नाय. ना तेवां, ना मगे.

सुलक्षणा: आणि कुंकू?

बाबा: लावूक नाय. म्हयनो झालो, दोन झाले. चाळीतल्या बायका तोंडावर विचारूक लागल्या, गो रुक्मिणी, घोव इलो ना घरात, मगे कपाळ असा कित्याक? ती म्हणायची, बघतंय अजून.

सुलक्षणा: काय म्हणायची?

बाबा: बघतंय अजून. माझ्यासमोर. भांडी घासता घासता.

सुलक्षणा: आईच ती. मग कधी लावलं?

बाबा: चार म्हयन्यांनी. मी पहाटेचो नळावर जायचंय, पाणी भरूक. तिका कंपनीत जावचा असायचा ना. एक दिवस हंडो घेवन घरात इलंय नि बघतंय तर ती भाकऱ्या करता हा आणि कपाळाक कुंकू. हंडो तसोच हातात धरून उभो रवलंय. ती म्हणाली, खाली ठेव, पाणी सांडता हा.

सुलक्षणा: तुम्ही विचारलं नाहीत काही?

बाबा: बेचाळीस वर्सा धाडस झाला नाय. पुढल्या वर्सा निलेश झालो, मगे राहूनच गेला. पण सकाळी ती कुंकू लावूक बसली की मी खंय असलंय तरी बघायचंय. आजपण लावता हा ना, म्हणान. शेवटाक दवाखान्यात तिचो हात उचलेना, तेवां तू लावायचस. तेवांपण बघायचंय.

सुलक्षणा: मला वाटायचं, माझ्यावर लक्ष ठेवताय. नीट लावते की नाही.

बाबा: नाय गो.

सुलक्षणा: हे सगळं ठीक आहे, बाबा. पण उद्या चाळीस माणसं येणार. त्यांच्यासमोर हा फोटो लावायचा? लोक तुम्हालाच विचारतील. तुमची सगळी लाज निघेल, या वयात.

बाबा: निघांदे. बेचाळीस वर्सा ती निभावल्यान, एक दिवस मी निभावतंय.

सुलक्षणा: थांबा. कुठे गेला तो पहिला... हा. हा मोकळ्या कपाळाचा. हाच ना?

बाबा: शिक्को खंय गेलो?

सुलक्षणा: शिक्का काढलाय ह्यात. स्वच्छ केलाय.

बाबा: परत हाड, होतो थंय ठेव. शिक्को होयो.

सुलक्षणा: अहो, मोठा केल्यावर तो जांभळा डाग केवढा दिसेल कपाळावर.

बाबा: दिसांदे. तिना मिळवल्यान तो, एकटीन. तुझ्या ॲपाक सांग, त्याका हात लावू नको.

सुलक्षणा: बरं. मूळ फोटो परत घेते. फक्त बुरशी काढ, शिक्का ठेव. रंग भरू का? की तसाच काळा-पांढरा?

बाबा: रंग भर. पण साडी गुलाबी केलल्यान ना तेना, ती निळी कर. निळी होती.

सुलक्षणा: कसली निळी? आकाशी?

बाबा: शाईसारखी. काठ पिवळो.

सुलक्षणा: शाईसारखी निळी, पिवळा काठ. हसवू नकोस, दागिने घालू नकोस, कपाळ आहे तसं ठेव. थांबा, फिरतंय. आलं. बाबा? ही मात्र पहिल्या फटक्यात आली.

बाबा: हीच. अशीच बघल्यान जिन्यावर.

सुलक्षणा: चष्मा पुसा. इकडे द्या, मी पुसते. पाठवू?

बाबा: धाड.

सुलक्षणा: गेला. आता निलेश फोन करणार. केलाच.

निलेश: ताई, चुकीचा फोटो आलाय. ह्यात कपाळावर कुंकू नाहीये, शिक्का आहे. मघाशी म्हणालीस ना, काढला म्हणून?

सुलक्षणा: बरोबर आहे तोच.

निलेश: अगं काय बरोबर, सवाष्ण होती आई. इकडे कै. सौ. टाइप करून ठेवलंय त्याने.

बाबा: निलेश, सौ. काढूक सांग. नुसता रुक्मिणी लिव.

निलेश: बाबा? तुम्ही पण? अहो, उद्या आत्या येणार, गावची माणसं येणार. सगळे मलाच विचारणार ना, आईच्या कपाळाला कुंकू का नाही म्हणून. मी काय सांगू त्यांना?

बाबा: माझ्याकडे धाड त्यांका.

निलेश: आणि तुम्ही काय सांगणार?

बाबा: सांगतलंय, ती म्हणता, बघतंय अजून.