भाऊचा तळहात

मी ड्रिल का सोडलं विचारता ना? ऐका. गडचांदूरकडे एका चुनखडीच्या खाणीत मी आणि माझा मोठा भाऊ ड्रिल मारायचो. कानात कापसाचे बोळे असायचे, म्हणून मागे येणारा डंपर किती जवळ आहे ते भाऊ दगडावर तळहात टेकून ओळखायचा.

त्या दिवशी जमिनीच्या हादऱ्याने माझे तळपाय झिणझिणले. मी त्याच्या कानाशी ओरडलो, "भाऊ, डंपर! सरक!"

त्याने हात टेकला. "काऊन भिऊन राह्यला बे? लय दूर हाय. बारीक थरथरते."

"मर मंग इथी!" म्हणत मी बाजूला झालो.

सकाळपासून ड्रिल धरून त्याचा हात बधिर झाला होता. ते त्यालाच कळलं नव्हतं.

नंतर ड्रायव्हर रडत विचारत होता, "मी हॉर्न देऊन राह्यलो होतो, तो सरकला काऊन नाई?"

मी म्हणालो, "त्यानं हात टेकून पाह्यलं होतं ना."