रिकाम्या खुर्चीची पट्टी

आखाती शहरातल्या नईम वस्तीच्या बसथांब्यावर गावाकडची बोली कानावर पडली, तशी नसीबाने मान न वळवता कान दिला.

“दाजी, आज दुकानात मान वर करवेना.”

“का रे सुयोग?”

“अमेरिकन मॅडमनं आजोबांच्या कॉलेजची बास्केटबॉल टीम फ्रेम करायला दिलेली. त्रेचाळीस सालचा फोटो. फ्रेमहून रुंद. मधे एक खुर्ची रिकामीच होती, तेवढी पट्टी कापली नि दोन्ही तुकडे जोडले. सांधा दिसत नाही!”

“मग झालं काय?”

“आजोबा सीझन अर्ध्यावर टाकून युद्धावर गेले, तिकडंच मेले. ती खुर्ची पोरांनी त्यांच्यासाठी ठेवलेली.”

“अरे देवा! ओरडली?”

“नाही. तेवढी पट्टी तरी द्या, म्हणाली.”

“मग दे की.”

“कशी देऊ, दाजी? डिंकाचे हात मी त्या पट्टीलाच पुसले.”