चौघांचे रीळ

मी, कडूबा सखाराम हिवराळे, वय ४९ वर्षे, धंदा नोकरी (रेकॉर्डिंग स्टुडिओचा केअरटेकर), मूळ राहणार जालना जिल्हा, हल्ली राहणार स्लाऊ (इंग्लंड), समक्ष विचारल्यावरून सांगतो की, माझे शिक्षण गावच्या शाळेत दहावीपर्यंत झाले आहे. हा जबाब मी मराठीत देत आहे. तो दुभाषी कस्तुरीताई लिहून घेत आहेत.

मार्चमधल्या त्या गुरुवारी सकाळी मी घरी बुद्धवंदना घेतली, डबा घेतला आणि स्टुडिओ उघडून बॉयलर चालू केला. आमचा स्टुडिओ पूर्वी चॅपल, म्हणजे लहान चर्च होता. ‘द सॉल्ट वॉर्डन्स’ या बँडच्या शेवटच्या अल्बमचे शेवटचे गाणे त्या दिवशी रेकॉर्ड व्हायचे होते. बँड जगभर प्रसिद्ध आहे. बँडचे चौघे कलाकार चार गाड्यांतून आले. ते एकमेकांशी बोलत नसत, म्हणून चहा मी चार खोल्यांत नेऊन देत असे.

त्यांची रीत अशी की, गाणे चौघांनी एका खोलीत, एकदम वाजवायचे आणि फक्त टेपवर घ्यायचे. त्यामुळे दुसरी कॉपी नसते.

दुपारी ते वाजवू लागले तेव्हा मी ट्रे घेऊन दाराच्या काचेबाहेर होतो. शब्द सगळे कळले नाहीत. गाण्याच्या शेवटाकडे गायक रोरी ॲशडाउन यांचा आवाज तुटला आणि ते थांबले. बाकीचे दोघेही थांबले. ड्रमर ओवेन प्रोबर्ट मात्र थांबले नाहीत. ते अगदी हलक्या हाताने ठेका धरून रोरी यांच्याकडे बघत राहिले. बराच वेळ. मग रोरींनी पुन्हा सूर उचलला आणि चौघांनी गाणे पूर्ण केले. भांडलेला माणूस दुसऱ्याची अशी वाट बघत राहिलेला मी पाहिला नव्हता. ट्रे खाली ठेवलेला आठवतो. बूट कधी काढले ते आठवत नाही.

गाणे संपले. मग रोरी इंजिनियरला म्हणाले, “हे पुसून टाका. हे बाहेर गेलं तर लोक म्हणतील, यांनी एकत्र राहायला हवं होतं.” ते निघून गेले. त्याच संध्याकाळी बँड मोडल्याची बातमी आली.

त्याआधी दुपारीच, इंजिनियर टेप न पुसता बाहेर गेल्यावर ओवेन यांनी मशीनवरून टेपचे रीळ उतरवले आणि ते बाहेर आले. त्यांनी विचारले, “मिस्टर के, बूट का काढलेत?”

मी म्हणालो, “विहारात काढतो तसे.”

ते बुटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “घरी तुमचा देव आहे ना?”

“देव नाही. बुद्ध आहेत.”

“ते तर फारच बरं. कुणाला सांगणार नाहीत. हे त्यांच्याजवळ ठेवा.”

रीळ हातात देऊन ते गेले. स्टुडिओच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यात मी मोज्यांवर, रीळ घेऊन चालताना दिसतो तो हा प्रसंग. आवाज होऊ नये म्हणून बूट काढले, हे बँडच्या मॅनेजरचे म्हणणे खरे नाही.

घरी मी रीळ बुद्धमूर्तीच्या फळीवर, बाबासाहेबांच्या फोटोशेजारी ठेवले. पत्नी सुलक्षणा म्हणाली, “अहो, हीटरच्या वर नको. वितळेल ते. आणि चोरीचं नाही ना?”

“दिलेलं आहे.”

“चौघांनी?”

न दिलेले घेणार नाही, हे शील मी रोज सकाळी म्हणतो. एकाने दिले, तिघांनी दिले नाही, ते कशात धरायचे, हे मला ठरवता येईना.

नंतर मॅनेजरने चोरीची तक्रार दिली आणि मला पोलीस ठाण्यातून फोन आला. मी ओवेन यांना वेल्सला त्यांच्या घरी फोन केला. म्हणालो, “नुसतं ठाण्यात देऊन येणार नाही. तुम्हा चौघांच्या हातात देणार. चौघेही या.”

“रोरी पुसून टाकेल.”

“पुसू दे. पण तुम्ही तिघं समोर असताना पुसू दे.”

ओवेन म्हणाले, “सांगतो सगळ्यांना.”

आज या जबाबाआधी चौघे ठाण्याच्या बाहेरच्या खोलीत आले. बाकावर दोन टोकांना दोन-दोन बसले. ओवेन म्हणाले, “मिस्टर के, बूट काढू का?” रोरी हसले. त्या गुरुवारपासून ते एकत्र आले नव्हते, असे मला ओवेन यांनी सांगितले आहे.

सार्जंटसमोर मी रीळ पुढे केले. आधी कोणी हात लावला नाही. मग रोरी उठले, बाकीचे उठले, आणि चौघांनी चार बाजूंनी ते धरल्यावर मी सोडले. पुढे काय करायचे ते त्यांनी ठरवायचे आहे.

हा जबाब कस्तुरीताईंनी मला मराठीत वाचून दाखवला. मी सांगितला तसाच तो उतरला आहे, म्हणून सही करतो.