थेंबभर रक्तातली कावीळ

...आता तुम्हीच सांगा, दोन महिन्यांचं पोट, आतला जीव म्हणजे केवढा, हरभऱ्याएवढा, अन् त्याच्यापायी अख्ख्या घराचं रक्त काढायचं? मुखेडचा जहांगीर टेलर सरकारी दवाखान्याच्या बाकड्यावर बसून हेच बोलून राहिला होता. बायकोला, मनतशाला, नाव नोंदवायला आणलं, तर शिवकांता सिस्टरनी रक्त घेतलं, अन् थेंबभर रक्त, तुम्हाला सांगतो, त्यात निघालं काय, तर हिपॅटायटिस बी, म्हणजे एक तऱ्हेची कावीळ.

कावीळ? डोळे तर दुधासारखे पांढरे! सिस्टर म्हणाल्या, ही वरून दिसत न्हाई, वर्षानुवर्षं गप बसती, नवराबायकोत एकमेकाला लागती, अन् बाळंतपणात आईकडून बाळाला. बाळाला लागली तर जन्माची, लिव्हर पोखरती.

घरी त्याची अम्मी हुसेनबी. तिनं पातेलं आपटून निकालच दिला, की हे सुनेनं माहेराहून आणलं. मग सगळ्यांची तपासणी... अन् थेंबभर रक्त, तुम्हाला सांगतो, कुणाची भीड ठेवत न्हाई. जहांगीरला कावीळ. अन् हुसेनबीला? तिलाबी, कधीपासून कोण जाणे. सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, लेकाला बहुतेक जन्मतानाच तुमच्याकडून आली असंल. तेव्हा कोण तपासत होतं?

हुसेनबी घरी आली ती थेट सुनेजवळ बसली.

"मनतशा, माझंच हाय गं हे. मला ठाऊक नव्हतं."

"मला तरी कुठं ठाऊक होतं, अम्मी," मनतशा म्हणाली, अन् सासूला पाणी दिलं.

पुढं मनतशाच्या गोळ्या झाल्या, तपासण्या झाल्या, लेक झाली, जिक्रा. जन्मून तास झाला न्हाई तोच दोन मांड्यांत दोन सुया, एक काविळीच्या लसीची, दुसरी काविळीला लागलीच अडवणाऱ्या औषधाची. जहांगीर बघतच राहिला. पोरीला अजून नाव न्हाई, कानात अजान न्हाई, अन् ह्या सुया तिच्यासाठी सात महिन्यांपासून ठरलेल्या... थेंबभर रक्तावरून, हो!

वर्षानं जिक्राचा रिपोर्ट आला. काही न्हाई, साफ. जहांगीरनं सिस्टरकडून तो तीनदा वाचून घेतला.

आता हुसेनबी दुकानातच बसती. डोहाळजेवणाचा ब्लाउज टाकायला कुणी आलं, की पहिला सवाल, कावीळ तपासली का? न्हाई म्हटलं, की माप घेऊ देत न्हाई. आमच्या हिचं कापड आठ दिवस तसंच पडून हाय, जेवण उद्यावर, रविवारवर आलंय... अन् दवाखाना म्हणतो, रिपोर्ट सोमवारी.