स्टेजपुढची रेघ

आसमीन : पुन्हा वाच. हळू वाच.

अक्षदा : काय वाचायचंय त्यात? टीमच्या सरांचा मेसेज आहे. "थायलंडच्या स्पर्धेची एंट्री पाचच्या आत जाईल. अक्षदाची पार्टनर सृष्टी." बस.

आसमीन : आन् मी?

अक्षदा : तुझं नाव नाही.

आसमीन : आठ वर्षं झाली, अक्षे. दौंडवरनं मी आन् न्हावऱ्यावरनं तू. लग्न नसंल तवा ह्याच वरवंडच्या कार्यालयात खुर्च्या सरकवून खेळलो. का काढलं, ते लिहिलंय का?

अक्षदा : लिहिलं नाही. पण फायनलचा शेवटचा पॉइंट. तू शटल सोडलंस नि ते डाव्या कोपऱ्यात आत पडलं. सर म्हणत होते, जिला लाईन कळत नाही तिला एवढ्या मोठ्या स्पर्धेला कशी न्यायची?

आसमीन : सोडलं. व्हय, मीच सोडलं. का सोडलं?

अक्षदा : आत्ता ते कशाला?

आसमीन : माझी मान वर, डोळे शटलवर. रेघ बघायचं काम तुझं. तू वरडलीस, "सोड!" मी हात खाली घेतला.

अक्षदा : हळू बोल, रोहिदासमामा बाहेर बसलेत.

आसमीन : ऐकू दे! त्यांनीच खेळ शिकवला ना आपल्याला? जिची चूक तिनं हात वर करायचा, ही शिस्तबी त्यांचीच. त्या दिवशी हात कुणी वर केला?

अक्षदा : तू.

आसमीन : मला वाटलं, सरांपुढं तरी खरं सांगशील. पंधरा दिवस झाले. तोंडाला काय कुलूप लागलं व्हतं?

अक्षदा : घाबरले गं! गुडघ्यापायी सहा महिने घरी बसले होते. आता काढलं असतं तर संपलंच सगळं. आणि खरंच ते मला बाहेर दिसलं. ते बघ ना, नवरा-नवरीचं स्टेज. डाव्या कोपऱ्यात आपण मागची रेघ कायम त्याच्या पुढंच मारली, खऱ्या मापाच्या हातभर अलीकडं. त्या रेघेपलीकडचं शटल आपण कधी घेतलंच नाही.

आसमीन : म्हंजी चूक स्टेजची?

अक्षदा : नाही. किती वाजले?

आसमीन : पावणेपाच.

अक्षदा : थांब, स्पीकरवर लावते. सर, अक्षदा बोलतीय. त्या पॉइंटला "सोड" मी म्हनले व्हते. आसमीनची चूक न्हाई. मीच गप बसले.

रविराज सर : (फोनवर) आणि हे आज सांगतेस? मग आता कुणाला काढू? तुला?

अक्षदा : व्हय, सर.

आसमीन : सर, मी आसमीन. काढू नका तिला. मला जोडीला तीच लागती. पर मी तिच्यासंगं बोलणार न्हाई, आधीच सांगून ठेवते.

रविराज सर : न बोलता डबल्स खेळणार तुम्ही?

आसमीन : कोर्टात बोलंन. बाहेर एक शब्द न्हाई.

रविराज सर : कमाल आहे तुमची. बरं, दोघींची नावं पाठवतो. पण आधी तो डावा कोपरा नीट करा.

अक्षदा : आसमीन, लई चुकलं गं माझं.

अक्षदा : शिव्या दे, पर बोल की.

अक्षदा : बरं, नको बोलू. मी एकटीच सरकवते स्टेज.

आसमीन : एकटीच्यानं हलायचं न्हाई ते. तिकडचं टोक धर.

अक्षदा : बाहेर बोलणार नव्हतीस ना?

आसमीन : हे कोर्टच हाय.