क्लोज म्हंजे चालू का बंद

लिहून राह्यले ना तुमी? मंग हळूहळू सांगतो. माहं नाव मधुकर, गाव चामोर्शीच्या बाजारापासून आत, नाल्याच्या दोन अंगाले वसलेलं, इकडून गाव आन् तिकडून आमचा मोहल्ला, पावसाळ्यात नाला भरला का आमी तिकडचे तिकडंच. बा माहा लोकायच्या बांधीत धानाचा रोवना, म्हंजे भाताची लावनी, करे. तो नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आल्ता, पांढरा सदरा घालून, आन् आल्याबरोबर घरातले देव टोपल्यात भरून नाल्यात सोडले आन् मायले म्हने, आता पोरायले शाळा. बस, एवढंच म्हने. आमी दोघं भाऊ, मी आन् मोठा पुंडलिक. पुंडलिक सातवी शिकला आन् बा गेला, तवा त्यानं पाटी ठेवून देल्ली आन् म्हने मधू शिकन. मले कोनी विचारलं नाई, त्यालेही कोनी विचारलं नाई, ठरून गेलं ते.

मंग मी चंद्रपूरले बोर्डिंगात, तिथून नागपूरले इंजिनिअरिंगले. लोकं विचारतात साहेब तुमी इलेक्ट्रिकल काऊन घेतलं, त्यायले वाटते काही मोठं सपन असन. काय सांगू तुमाले, खिडकीवरच्या बाबूनं विचारलं कोन्ती ब्रँच, मी मांगच्या पोट्ट्याले विचारलं तू कोन्ती घेऊन राह्यला, तो म्हने इलेक्ट्रिकल, मीही म्हटलं इलेक्ट्रिकल. घरी आमच्या चिमनी जळे, रॉकेलची. बटन कसं दाबतात हे मी बोर्डिंगात शिकलो.

तिथी सारं इंग्रजीत. आन् तिथी तो शब्द भेटला मले पह्यल्यांदा, क्लोज. सर म्हनत सर्किट क्लोज झालं का करंट वाहते, ओपन झालं का थांबते. मी पेपरात बरोब्बर उलटं लिहून आलो, काऊन का आपल्याकडं दुकान क्लोज म्हंजे कुलूप, टॉकीज क्लोज म्हंजे घरी जा. सरायनं वर्गात वाचून दाखवलं, सारे हासले, मीही हासलो. सुट्टीत घरी आलो आन् पुंडलिकले सांगितलं. तो तवा लाईनवर हेल्पर लागला होता, खांबं खांद्यावर वाहून नेण्याचं काम. तो असा हासला का माय बाहेर आली पाहाले काय झालं म्हनून. म्हने मधू, म्हंजे तुमचं चालू ते क्लोज आन् आमचं बंद ते क्लोज, मंग आपल्या दोघांचं कसं जमन रे. गजब हासला तो त्या दिवशी.

मी इंजिनिअर झालो. मोहल्ल्यातला पह्यला. विहारात सत्कार केला, कारूभाऊ म्हनून आमच्या मोहल्ल्याचे म्हातारे पंच, त्यायनं हार घातला आन् म्हने आता आपल्या मोहल्ल्यात लाईट येईन. गावात लाईन आधीच आली होती, शाळेत, पंचायतीत, बड्या घरी, कागदावर गाव उजेडात होतं. नाला वलांडून तार कोनी आनली नाई. मले पह्यली नोकरी नागभीडकडं भेटली, रेल्वेच्या जंक्शनाजवळ आमचं ऑफिस, आन् पुंडलिक तवापर्यंत पक्का लाईनमन होऊन मुलचेऱ्याकडं. माय लोकायले सांगे, माहा एक पोरगा खांबावर हाय आन् एक खुर्चीवर हाय. कोन्ता वर हाय ते तुमीच समजा, असं म्हने आन् हासे.

आता ते सांगतो. बसून सांगू का उभ्यानं, एकच हाय, मले आता त्याचं काही होत नाई.

मुलचेऱ्याकडं बंगाली लोकायचे गावं हायेत, पूर्व बंगालातून आलेले, सरकारनं वसवलेले. तिकडं जानारा फीडर, म्हंजे ती गावायची लाईन, सकाळच्या वादळात ट्रिप होऊन पडली होती. आपोआप बंद झाली होती. झाड पडून तार तुटली होती, पुंडलिक आन् त्याचे दोन सोबती जोडाले गेले. लाईन बंदच होती, म्हनून तो चढला. तारेले जमिनीशी बांधाची साखळी राहते, ती बांधली का मंग कोनी लाईन चालू केली तरी मानूस वाचते, पन ती साखळी एकच होती आन् ती दुसऱ्या गँगकडं गेल्ती. तिकडं साहेब होते, बदलीवर नवीन आलेले, मानूस चांगला होता, मी त्यायले वाईट म्हनत नाई. त्यायले वाटलं, सबस्टेशनवरून चुकून कोनी लाईन चालू नोको कराले. म्हनून त्यायनं फोन केला ऑपरेटरले. फोनात खरखर. साहेब म्हनाले, तो मुलचेऱ्याचा फीडर क्लोज ठेवा, मी सांगत नाई तोवर क्लोज ठेवा.

ऑपरेटर नवीन पोरगा, आयटीआय झालेला, अभ्यासात हुशार. त्याच्या पुस्तकात क्लोज म्हंजे चालू. त्यानं पायलं, फीडर तर ट्रिप होऊन पडला हाय, साहेब म्हनून राह्यले क्लोज करा, त्यानं हँडल मारलं आन् केला क्लोज.

साहेब आपल्या भाषेत बरोबर होते आन् तो पोरगा आपल्या भाषेत बरोबर होता. चौकशी झाली, साऱ्यायचे जबाब झाले, जो तो खरंच बोलला. मले नागभीडले निरोप आला तवा मी एका कंत्राटदाराशी खांबाच्या मापावरून वाद घालून राह्यलो होतो. ऐकलं, आन् मंग तो वाद मी पुरा केला, हो, माप त्याच्याकडून बरोबर करून घेतलं, मंग गाडी पकडली. लोकं म्हनतात साहेब लई हिमतीचे. हिंमत कायची, मले काही वाटलंच नाई. मुलचेऱ्यापर्यंत गाडीत बसून मी खिडकीतून खांबं मोजत गेलो, कोन्ता वाकडा हाय ते पाहात. तवापासून असंच हाय. आतून काहीतरी ट्रिप झालं आन् कोनी चालू केलं नाई, असं समजा.

माय रडली, पुंडलिकची बायको शांता रडली, मोहल्ला रडला. ती शांता दोन पोरी घेऊन माहेरी वैरागडकडं गेली, मंग परत आली, आता अंगनवाडीत हाय. मी काय केलं, बदली मागून चामोर्शीले आलो, आन् दर रविवारी सायकल घेऊन, मंग खात्याची जीप भेटली तवा जीप घेऊन, एकेका सबस्टेशनवर जाये आन् ऑपरेटर आन् लाईनमन सारे बसवून एकच गोष्ट सांगे. फोनवर इंग्रजी बोलायचं नाई. क्लोज नाई, ओपन नाई. दोनच शब्द, चालू आन् बंद. समोरच्यानं तोच शब्द परत म्हनायचा, मंगच हँडलले हात लावायचा. रंगाचा डबा संग नेऊन ब्रेकरवर मीच लिहून देत होतो, लाल रंगानं चालू, काऊन का लाल म्हंजे धोका, आन् हिरव्यानं बंद. वरचे साहेब हासत, म्हनत मधुकरराव शाळा चालवून राह्यले. चालवून राह्यलो, म्हटलं. लोकायले वाटे भावाच्या दुःखात करून राह्यले. दुःख असतं तर घरी बसलो असतो ना जी.

तिकडच्या बंगाली गावातले लोक दर सालच्या पूजेले मले बोलावतात. ज्या खांबावर तो गेला त्याले झेंडूची माळ बांधतात, मले खिचडी वाढतात, म्हातारे डोळे पुसतात, त्यायच्या भाषेत काहीतरी सांगतात. मी जातो, जेवतो, येतो. खिचडी चांगली राहते.

पन खरी अडचन घरी होती. पुंडलिक गेल्यावर सालभरानं आमच्या मोहल्ल्याची मंजुरी आली, खांबं उभे झाले, तारा ओढल्या, ट्रान्सफॉर्मरची डीपी बसली. घराघरात जोडनी द्याची तेवढी बाकी होती. माय म्हने, माह्या घरात ते येनार नाई. बाकीच्यायले दे, माह्या घरात नाई. मी म्हटलं ठीक हाय. आन् कारूभाऊनं विहारात बैठक बसवली, म्हने जिचा पोरगा लाईनीनं गेला तिच्या घरी अंधार आन् आपन उजेडात बसाचं, हे आपल्याच्यानं होनार नाई, बाईच्या घरी लागन तवा आपल्या घरी. साऱ्यायनं मान डोलवली. मायले कोनी जाऊन म्हटलंही नाई का तुह्याखातर आमी थांबलो हाओत, पन तिले माहीत होतं, साऱ्या मोहल्ल्याले माहीत होतं.

दोन रोवने गेले असे. वरतून तार जाऊन राह्यली, खाली चिमन्या. इंजिनिअरच्या मोहल्ल्यात लाईट नाई म्हनून गाववाले चिडवत. मी कित्येक गावायले लाईन देल्ली त्या सालात, जंगलातल्या टोल्यायले, म्हंजे लहान वस्त्यायले देल्ली, जिथी लोकं तारेखालून जाताना डोकसं वाकवत, आन् घरी येऊन मायच्या समोर चिमनीच्या उजेडात भात खाये. तिले म्हनाचं धाडस मले झालं नाई. म्हनलं असतं तर तिनं होही म्हटलं असतं, आन् मंग मीच तिले लाईनीखाली बसवलं असं झालं असतं. म्हनून तोंड बंद ठेवलं.

मंग एप्रिलात जयंती आली. पोट्ट्यायले विहारात लाऊडस्पीकर पाहिजे होता, त्यायचा धीर सुटला. दिवस बुडताना त्यायनं बांबूले उघडी तार बांधली आन् आकडा टाकाले निघाले, म्हंजे वरच्या तारेवर तार लटकवून चोरून लाईन घ्याची, तुमाले माहीतच असन. आमच्या घरामांगच्या खांबाजवळच. माय भांडे घासून राह्यली होती. तिनं पायलं का कारूभाऊचा नातू, बारावीतला, बांबू वर करून राह्यला हाय. ती ओरडली नाई. राखेचे हात तसेच घेऊन गेली, बांबू धरला, त्याच्या हातातून काढला, आन् बांबू घेऊन तशीच घरी आली, माह्या समोर उभी राह्यली. म्हने, उद्या लाव. पह्यले माह्या घरी लाव. मी म्हटलं माय, तुह्यी इच्छा नसन तर. ती म्हने, इच्छा कायची रे, एक गेला तेवढा पुरे हाय, हे पोट्टे रोज असे चढतीन.

दुसऱ्या दिवशी लाईन बंद करून साऱ्या घरी जोडन्या झाल्या. माय म्हने, तिकडं चालू कराच्या मशिनीवर तू जाशीन का. मी म्हटलं जातो. मंग म्हने नोको, तू इथीच गावात राय. मंग मी पंचायतीत जाऊन फोन लावला. सबस्टेशनवर कोन होता सांगू? तोच पोरगा, मुलचेऱ्याचा ऑपरेटर. त्याले खात्यानं कामावरून काढून बसवलं होतं, मंग परत घेतलं आन् इकडं चामोर्शीले टाकलं, माह्याच हाताखाली. मायले हे आजही माहीत नाई, तुमी तिच्यासमोर वाचू नोका. मी म्हटलं चालू करा. तो म्हने, चालू ना साहेब? मी म्हटलं चालू. तो परत म्हने, सारे खाली उतरले हायेत ना साहेब, चालू म्हंजे चालू? फोनात त्याचा श्वास ऐकू येऊन राह्यला होता. तिथी मात्र मले रडू आलं, साऱ्या सालात पह्यल्यांदा, पंचायतीच्या बाबूसमोर. म्हटलं हो बापा, सारे खाली हायेत, कर चालू.

मोहल्ला उजळला. डफ वाजले, कारूभाऊ नाचले त्या वयात. मी घरी गेलो, मंग परत तसाच झालो, जसा होतो.

त्याले आता काही सालं झाले. जिल्हा वेगळा झाला, मी डेप्युटी इंजिनिअर झालो, रविवारची शाळा चालूच हाय, विहारात पोरीयचा अभ्यास चालते. सारं बरं हाय. एवढंच का आमच्या घरचा लट्टू, म्हंजे बल्ब, दिवसाही जळते. माय तो बंदच करू देत नाई. गेला का नवीन लावाले लावते. पह्यले मले वाटे बटनाले भेते, म्हनून एक दिवस दुपारी मीच उठलो बंद कराले. तिनं मनगट धरलं माहं. म्हने, राहू दे मधू. जळून राह्यला हाय तवा दिसते तरी का चालू हाय, कोनी हात लावत नाई. पुंडलिक लाईन बंद हाय म्हनूनच चढला होता.

मी बटन सोडलं. तवापासून ते कोनी दाबलं नाई. चहा घ्या तुमी, थंडा होऊन राह्यला. तुमचं भलं होवो.