वावराला नवरीची सेटिंग

(अकोला, २०१४. लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ. संगणकापुढे हसनैन. मागे उभे, दर्यापूरकडच्या एका गावचे सरपंच किसनराव आणि ग्रामसेविका मैथिली.)

किसनराव : आपलं गाव दुष्काळाच्या यादीतून बाद झालं.

मैथिली : असं काही झालेलं नाही. तहसीलदार साहेबांनी संध्याकाळपर्यंत शेताचा दुसरा व्हिडिओ मागवलाय.

किसनराव : मंग काल माह्या गळ्यात हार टाकून साहेब काहून म्हनले, 'अभिनंदन, यंदा कापूस जोरात'?

मैथिली : हार तुमच्या मनातला. यानं केलेला व्हिडिओ पाहून साहेबांना कापूस दिसला, एवढंच खरं. हसनैन, लाव.

हसनैन : हे बघा चाचा, तुमचं वावर.

किसनराव : हे? बाप्पा! येवढा कापूस माह्या बापानं पाह्यला नाई!

हसनैन : कापूस कुठला! तुमच्या खारपाणपट्ट्याचं मीठ आहे ते, जमिनीवर फुटलेलं. मी फक्त कॉन्ट्रास्ट वाढवला. काळं आणखी काळं, पांढरं आणखी पांढरं.

मैथिली : पण एवढा कशासाठी?

हसनैन : मॅडम, मी जिंदगीभर लग्नंच करून राहिलो. नवरी उठून दिसली पाहिजे, बस. वावर आलं, त्यालाही नवरीची सेटिंग लावली. वरून हिरवा रंग टाकला तो माझ्यातर्फे.

किसनराव : आहेर केला यानं! अरे, यादीत नाव नसलं तं टँकर येत नाई. आमच्या हिरीचं पानी ढोरं बी तोंडात घेत नाईत!

मैथिली : कॉन्ट्रास्ट कमी कर.

हसनैन : केला.

किसनराव : हे काय? चिखलदरा झालं ना! धुकंच धुकं!

मैथिली : धुकं नको. साहेबांना त्यात ओलावा दिसेल.

किसनराव : वाढव लेका, जरासा.

हसनैन : वाढवला.

किसनराव : आता मी कुठी गेलो? मधात उभा होतो ना!

हसनैन : तुम्ही काळ्या मातीत गेले चाचा. टोपी तेवढी शिल्लक आहे.

मैथिली : ती टोपीसुद्धा बोंडासारखी दिसतेय. काढ सगळं. शूट केलं होतं तसंच ठेव.

हसनैन : घ्या. असली माल.

किसनराव : हां! हे माहं वावर. उजाड, फिकं, भकास. पाठवा हेच.

मैथिली : हेच पाठवलं होतं, सरपंच. पहिल्यांदा.

किसनराव : मंग?

मैथिली : साहेब म्हणाले, परिस्थिती स्पष्ट होत नाही. स्टुडिओतून उठावदार करून आणा.

हसनैन : म्हणजे मी बरोबर होतो.

किसनराव : तू गप रे! मॅडम, लिवा. साहेबाले म्हना, वावरात या अन् त्या कापसाले जीभ लावून पाहा.

मैथिली : असं लिहिता येत नाही.

किसनराव : मंग तुमच्या भाषेत लिवा.

मैथिली : 'संबंधित अधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष शेतावर उपस्थित राहून, निदर्शनास आलेल्या कापसाची स्वतः चव घ्यावी व तसा अहवाल वरिष्ठांस सादर करावा, ही नम्र विनंती.'